नाक मोठं, पण कोणापेक्षा?

गेल्या मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळकरी मुलांची अर्कचित्रांची, म्हणजे माणसाची वैशिष्ट्यं वाढवून काढलेल्या चित्रांची, स्पर्धा झाली. परीक्षक आम्ही तिघं होतो आणि विषय होता 'माझ्या घरातलं माणूस'. नववीतल्या एका पोराने आपल्या आबाजींचं चित्र काढलं होतं. खाली ओघळलेला ओठ, कानापर्यंत चढलेला एक खांदा, आणि मान अशी पुढे काढलेली, की मागून कोणी कितीही हाका मारल्या तरी हा बुढा वळायचा नाही. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर पोरांना घेऊन आलेले चार-पाच म्हातारे ओट्यावर बसले होते. कोणालाही न विचारता मला त्यांतले आबाजी सापडले. अर्कचित्राला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं असतं? तरीही ते चित्र बाद झालं. एक परीक्षक म्हणाले, "रेषा पाहा, सरळसरळ व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण. पोट्ट्यानं फोनवर पाहून गिरवलंय. स्वतःची शैली कुठाय?" दुसरे म्हणाले, "शैलीचं नंतर पाहू, मानेचा स्नायू तरी जागेवर आहे का? ज्याला सरळ डोकं काढता येत नाही त्यानं वाकडं काढूच नये." दोघं दीड तास भांडले, आणि गंमत अशी की चित्र बाद करण्यावर दोघांचं एकमत होतं. पुढे आठवडाभर आसपासच्या चित्रकला शिक्षकांत हाच वाद चालला. नक्कल केली की शैली मरते, ही एक बाजू. पाया पक्का नसेल तर शैली येतच नाही, ही दुसरी. ओट्यावरच्या आबाजींचा विषय दोन्हीकडच्यांनी काढला नाही.

मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि सुट्टीच्या दिवसांत बाजारात, मंडईत, लग्नाच्या मांडवात बसून पाच-पाच मिनिटांत चेहरे काढले. त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोरांना नक्कल करू द्यावी, खुशाल करू द्यावी. हाडं-स्नायूंचा अभ्यास अर्कचित्राच्या सोबतीनेच होऊ द्यावा, त्याला आधीची वेगळी पाच वर्षं मागू नयेत. शैलीची काळजी तर मास्तरांनी करूच नये. काळजी करायची ती एकाच गोष्टीची. पोरगं एखाद्याचं नाक मोठं काढतं, ते कोणापेक्षा मोठं म्हणून काढतं?

प्रश्न खुळ्यासारखा वाटेल, पण अर्कचित्राची सगळी मेख त्यातच आहे. अमेरिकेत सुसान ब्रेनन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेण्याची एक रीत बसवली. तिचं तत्त्व सातवीतल्या पोराला कळेल इतकं सोपं आहे. पुष्कळ चेहऱ्यांची सरासरी काढायची, समोरचा चेहरा त्या सरासरीशी ताडायचा, आणि जिथे जिथे फरक दिसेल तिथे तो वाढवायचा. १९८७ साली गिलियन ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माणसांवर तपासून पाहिलं. ओळखीच्या माणसांची अशी वाढवलेली रेखाचित्रं हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली गेली. म्हणजे मोठं नाक, छोटं नाक असं काही मुळात नसतंच. चित्रकाराच्या डोक्यात जी सरासरी बसलेली असते, तिच्यापुढे नाक मोठं किंवा छोटं ठरतं. आणि ही सरासरी काही आभाळातून पडत नाही. तुम्ही लहानपणापासून कोणते चेहरे पाहिले, किती जवळून, कसल्या उजेडात, यावरून ती बनते.

ती आता आमच्या आठवडी बाजारात आणून पाहा. काही वर्षांपूर्वी मुंबईचा एक चांगला चित्रकार माझ्यासोबत बाजारात बसला होता. हात असा सफाईदार, की मला माझ्या वहीची लाज वाटली. तासाभरात त्याने दहा माणसं काढली. दहाही जणांचा एक गाल फुगलेला, डोळे बारीक मिटलेले, कपाळावर दुपट्टा. लोक खूप हसले. पण चित्रं एकमेकांत मिसळली तेव्हा कोणतं कोणाचं हे ज्याचं त्यालाही सांगता येईना. कसं येणार? गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आमच्या निम्म्या बाजाराच्या असतो आणि वैशाखाच्या उन्हाने डोळे सगळ्यांचेच बारीक झालेले असतात. पाहुण्याला ते वैशिष्ट्य वाटलं, आमचा तो गणवेश आहे. इथे उठून दिसतो तो सपाट गाल. तो काढला की गाव म्हणतं, हा नक्की माळकरी, नाहीतर नवा आलेला ग्रामसेवक.

मीही हेच पाप उलट बाजूने केलेलं आहे. मी अर्कचित्रं शिकलो ती वर्तमानपत्रांतल्या पुढाऱ्यांवरून. त्या पुढाऱ्यांना हनुवटीखाली दोन-दोन वळ्या असायच्या आणि माझ्या हाताला त्या वळ्यांची चटक लागली. जिनिंगवरच्या एका मापाऱ्याचं चित्र काढलं, त्यालाही वळी दिली. त्या बिचाऱ्याच्या गळ्याची शीर न् शीर मोजता आली असती. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा कोन होय बाप्पा? नागपूरचा शेठ होय का?" रेषा वाईट नव्हती. शैलीसुद्धा होती म्हणा, उसनी असली तरी. चुकली होती ती तुलना. मापाऱ्याला मी दिल्लीतल्या माणसांच्या रांगेत उभा करून मोजत होतो.

मग आमची सरासरी कशी असते? पानठेल्यावर चार संध्याकाळी नुसतं बसलं तरी कळतं. धुऱ्याने येणारा माणूस आमच्याकडे पाव मैलावरून ओळखतात, नाक-डोळे दिसायच्या कितीतरी आधी. "तो पाय, शंकरभाऊचा साळा येऊन राह्यला." कशावरून ओळखला? चालताना एक हात पाठीमागे ठेवतो, दुपट्टा खांद्यावर न टाकता कमरेला गुंडाळतो, पाऊल टाकताना आधी टाच न टेकता चवडा टेकतो. शहरातला चित्रकार माणसाला लोकलच्या डब्यात हातभर अंतरावरून पाहतो किंवा टीव्हीवर, म्हणून त्याचं अर्कचित्र नाकापासून सुरू होतं. आमचं खांद्यापासून सुरू व्हायला हवं. त्या नववीतल्या पोराने नेमकं तेच केलं होतं. त्याच्या आबाजींचा चढलेला खांदा हा आयुष्यभर एकाच बाजूला कापसाचं गाठोडं वाहिल्याचा खांदा होता. रेष लक्ष्मणची असेल, खांदा लक्ष्मणना बापजन्मी दिसला नसता. शैली शोधायला निघालेल्या परीक्षकांच्या हातात ती होती, आणि त्यांनी ती पेन्सिलीच्या टोकाशी शोधली.

गोव्याच्या मारियो मिरांडांची गोष्ट मला यासाठी फार जवळची वाटते. कलाशाळेत न गेलेला हा माणूस लोटली गावात वाढला आणि तरुणपणी रोजनिशी चित्रांतून लिहीत गेला. पाद्री, शेजारी, लग्नाचे वऱ्हाडी, चर्चमधल्या म्हाताऱ्या. १९४९, १९५० आणि १९५१ च्या त्या रोजनिशा पुढे छापून निघाल्या. पुढे मारियोंनी मुंबईची कचेरी काढली, दूरदूरची शहरं काढली, पण गर्दी भरण्याची रीत लोटलीचीच राहिली. गावात जसा प्रत्येक माणूस प्रत्येकाला ठाऊक असतो, तशी त्यांच्या गर्दीतली कोपऱ्यातली बाईही कोणीतरी असते. आमच्या विदर्भापुरतं बोलायचं तर चंद्रपुरात राहून मनोहर सप्रे यांनी व्यंगचित्रं काढली आणि लाकडातूनही आकार शोधले. मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवल्याखेरीज या कलेत काही होत नाही, असं मला तरुणपणी सांगणाऱ्यांना तेव्हा हे उदाहरण द्यायला सुचलं नाही.

आता समोरच्यांचं ऐकू. नक्कलविरोधकांचं म्हणणं पोकळ नाही. लक्ष्मणच्या सामान्य माणसाने मागे किती भुतं सोडली! टक्कल, चष्मा, चौकड्याचा कोट, सगळं पाहणारा आणि काही न बोलणारा. पेपर बदलला, भाषा बदलली, तरी कोपऱ्यात तोच उभा. हे काढणाऱ्यांची वर्षंच्या वर्षं त्यात गेली. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण आठ वर्षं मी त्यांच्यातलाच एक होतो. हाताला एकदा दुसऱ्याचं वळण पडलं की ते मोडायला त्रास होतो, हे खरंच आहे. पण या विरोधकांनी लक्ष्मण कुठून आले हेही पाहावं. लंडनला काम करणारे, मूळचे न्यूझीलंडचे डेव्हिड लो यांच्या चित्रांनी लक्ष्मण लहानपणीच झपाटले होते. सहीतलं 'लो' हे नाव ते कितीतरी काळ 'काऊ' असं वाचत होते. जो पोरगा चित्रकाराचं नावसुद्धा चुकीचं वाचतो, तो त्याची नक्कल करताना 'शैलीचा स्वीकार' वगैरे करत नसतो, तो आंधळेपणाने गिरवतो. बाळ ठाकऱ्यांचे गुरूही लोच. फ्री प्रेस जर्नलमध्ये लक्ष्मण आणि ठाकरे दोघांनीही काम केलं, ब्रशची जात एक, गुरू एक. आणि तरी १९६० साली 'मार्मिक' निघालं त्यानंतरचं ठाकऱ्यांचं कोणतंही चित्र घ्या, ते लक्ष्मणचं म्हणून कोणाच्या गळ्यात मारता येईल का? एकाच विहिरीवर दोघांनी एकच दोर वापरला आणि पाणी नेलं वेगवेगळ्या वावरात. एकाचं वावर म्हैसूरहून आलेल्या, बाजूला उभं राहून पाहणाऱ्या माणसाचं. दुसऱ्याचं दादर-परळच्या चाळीतलं, अंगावर धावून जाणारं.

आणखी एक दाखला न्यूयॉर्कचा. नाटकवाल्यांचे चेहरे जन्मभर काढणाऱ्या अल हिर्शफेल्ड यांनी उमेदीच्या काळात मिगेल कोव्हारुबियास या मेक्सिकन चित्रकारासोबत एकाच स्टुडिओत काम केलं. कोव्हारुबियास यांचा प्रभाव ते स्वतः मोकळेपणाने मान्य करत. पुढे १९३२ साली हिर्शफेल्ड बाली बेटावर गेले. तिथलं ऊन असं, की रंग धुऊन निघायचे आणि डोळ्यांपुढे उरायची ती नुसती रेष. आपण रेषेचे झालो ते तिथे, असं ते सांगत. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा निंबाखाली बसलेल्या माणसाचा अर्धा चेहरा काळाकुट्ट आणि अर्धा पांढराफटक दिसतो. मधल्या छटा ऊन खाऊन टाकतं. एवढं ऊन फुकट मिळत असताना आमच्या पोरांना छापील पुस्तकातल्या गुळगुळीत छाया का काढायला लावायच्या, हे मला कळलेलं नाही. असो. सांगायचं ते हे, की हिर्शफेल्ड आधी कोणाच्या तरी सावलीत होते म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. ऊन बदललं तशी सावली सुटली.

आणि नक्कलीची एवढी भीती आम्हाला इतर कलांत वाटते का? तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं विदर्भात कुठे म्हणत नाहीत? नव्या पोराला आधी तोच ठेका, तोच आवाजाचा चढ गिरवावा लागतो. कोणी म्हणत नाही की पोरा, आधी स्वतःची शैली आण, मग खंजेरी हाती घे. तरी गाव बदललं की तेच भजन वेगळं ऐकू येतं. गळे गावचे असतात. चित्रात तेवढी आम्हाला घाई, कारण चित्राला आम्ही 'प्रतिभा' समजतो आणि भजनाला रियाज.

पाया मागणाऱ्यांची बाजू याहून बळकट आहे. अर्कचित्राचा उगम ज्यांच्यापाशी नेतात ते बोलोन्याचे आनीबाले काराच्ची (१५६० ते १६०९) हे काही हौशी खोडकर नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या भावंडांनी समोर माणूस बसवून काढण्याची शिस्त लावणारी शाळा चालवली. दिवसभर प्रमाणात काढायचं आणि थकलं की विरंगुळा म्हणून मित्रांचे चेहरे बिघडवायचे. म्हणजे बिघडवणं हे शिस्तीच्या पोटीच जन्मलं. फ्रान्सचे व्यंगचित्रकार दोमिए संसदेतल्या मंडळींची आधी मातीची डोकी घडवत. कवटी हाताने फिरवून पाहिलेली असल्यावर रेष चुकेल कशी? हे सगळं मान्य. पण मग स्वित्झर्लंडच्या तोफरांचं काय करायचं? डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना चित्रकार होता आलं नाही, ते जिनीव्हात शाळामास्तर झाले आणि पोरांना हसवायला चित्रं काढू लागले. १८४५ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं, त्याचा मतितार्थ असा की कागदावर कसाही चेहरा खरडा, तो काहीतरी भाव दाखवतोच. मग एक-एक रेष हलवत जा आणि भाव कसा पालटतो ते पाहत जा. खेड्यातल्या वर्गासाठी याहून स्वस्त अभ्यासक्रम मला सापडला नाही. त्याला मॉडेल लागत नाही, प्लास्टरचं डोकं लागत नाही, पाटी आणि खडू पुरतो.

'आधी पाया' हे वाक्य शहरात शिस्त असेल, आमच्याकडे त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. आठवड्याला चित्रकलेच्या एक-दोन तासिका, त्यातली एक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर मागून नेतात. पोरगं दहावीनंतर एक तर आयटीआयला जातं नाहीतर बापाच्या वावरात. त्याच्या हाती चित्रासाठी तीनच वर्षं आहेत. ती मानेच्या स्नायूत घालवली तर आबाजींचा खांदा राहून जातो, आणि आबाजी काही थांबणार नाहीत. शिवाय पायावाल्यांच्या पायातही खोट आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेत स्मरणचित्र असतं. नाव स्मरणाचं, पण आमच्या कितीतरी वर्गांत त्यातली माणसं मार्गदर्शकातून पाठ केलेली असतात. हापशीवरची तीच बाई, फुगेवाल्याभोवती तीच तीन पोरं, सगळ्यांची उंची डोक्याच्या साडेसात पट. वर्षानुवर्षं ही नक्कल चालवून घेणाऱ्यांना एका पोराच्या शाईच्या रेषा टोचाव्यात?

आणि प्रमाण शिकवायचं तर अर्कचित्रासारखं दुसरं साधन नाही. इटालियनमधल्या ज्या क्रियापदावरून या कलेचं तिकडचं नाव 'कॅरिकेचर' आलं त्याचा अर्थच मुळी 'लादणं, भरणं' असा आहे. आमच्या पोरांना हे बंडीवरून लगेच कळतं. कापूस भरताना मागे ओझं जास्त झालं की बंडी उलार होते, पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येते. नाकावर ओझं टाकलं तर कपाळावरून उतरवावं लागतं, जबडा वाढवला तर डोळे आवरावे लागतात. कुठे किती टाकलं हे कळण्यासाठी रिकामी बंडी कशी उभी राहते हे आधी ठाऊक हवं. म्हणून मी पोरांना एकाच माणसाची दोन चित्रं काढायला लावायचो, एक मोजून आणि एक लादून. मोजणं त्यांना कंटाळवाणं वाटायचं, पण लादलेलं चित्र उलार झालं की आपणहून पट्टी घेऊन बसायची.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मला सगळ्यांत जड जातो. अर्कचित्र शिकवणं म्हणजे पोरांना दुसऱ्याच्या व्यंगावर हसायला शिकवणं नाही का? आमच्या गावात आधीच चकण्या, लंगड्या, काळ्या, बोबड्या या नावांनी माणसं मरेपर्यंत ओळखली जातात. त्यात चित्राची भर कशाला? माझ्या वर्गातली गोष्ट सांगतो. एका पोराने बाकावरच्या सोबत्याचं चित्र काढलं. सोबत्याचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला, शिवलेला. चित्र विलक्षण होतं. मी ते वर्गात उंच धरून दाखवलं, शाबासकी दिली. दुसऱ्या दिवसापासून तो सोबती शाळेत आला नाही. नवव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, त्याची माय दारात येऊन उभी राहिली आणि मला आत या म्हणाली नाही.

याला इतिहासातलं एक ठरावीक उत्तर आहे आणि मी ते बरीच वर्षं देत असे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी साप्ताहिकांनी आयरिश माणूस माकडासारखा काढला. जर्मनीत श्ट्राइखर या नाझी प्रकाशकाच्या पत्राने ज्यूंना एकच आकडेबाज नाक चिकटवलं, आणि पुढे १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या निकालानंतर श्ट्राइखर फासावर गेला. ही अर्कचित्रं नव्हतीच, असं मी म्हणे. अर्कचित्रात एका माणसाचं नाक असतं, इथे हजारो माणसांना एकच नाक वाटलेलं. न पाहता काढलेलं चित्र विषारी होतं, नीट पाहिलेलं होत नाही. युक्तिवाद चांगला आहे, पण त्या पोराच्या ओठापुढे तो टिकत नाही. तो ओठ नीट पाहूनच काढला होता. तेव्हा एवढं कबूल करायला हवं, की अचूक पाहणं हे क्रूरपणावरचं औषध नाही.

मग औषध काय? निदान पथ्य काय? त्या नऊ दिवसांनंतर मी एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत मोडला नाही. पहिल्या वर्षी अर्कचित्र काढायचं ते फक्त स्वतःचं आणि मास्तरचं. स्वतःच्या कानांवर सात वेळा ओझं लादलेलं पोरगं दुसऱ्याच्या ओठावर हात टाकताना थोडं थबकतं. थोडंच, पण थबकतं. आणि मास्तर यासाठी, की वर्गात दांडा त्याच्या हातात असतो. हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, तिच्यासोबत बडगे निघतात. बांबू, कागद, चिंध्यांचे हे पुतळे म्हणजे चालती-बोलती अर्कचित्रंच. महागाईचा बडगा, लाचखोरीचा बडगा, एखाद्या पुढाऱ्याचा बडगा. खेड्यापाड्यांतही त्या सकाळी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत पोरं गावाच्या शिवेपर्यंत जातात. बडगा शेजारच्या लंगड्याचा निघत नाही. ज्याने गावाला छळलं त्याचाच निघतो.

आणि पाहणाऱ्याचीही सरासरी असते, हे व्यंगचित्रकार शंकर यांच्या १९४९ च्या चित्राने आपल्याला शिकवलं. संविधानाच्या गोगलगाईवर बाबासाहेब, मागे नेहरू, दोघांच्या हातात आसूड. हे चित्र अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात आलं आणि २०१२ साली संसदेत गदारोळ होऊन मागे घेतलं गेलं. 'विनोद कळत नाही यांना' असं तेव्हा पुष्कळ शहाणे म्हणाले. मला ते पटलं नव्हतं. ज्यांच्या पाठीला पिढ्यान्‌पिढ्या आसूड ठाऊक होता, त्यांना त्या चित्रात गोगलगाय नंतर दिसली, आसूड आधी दिसला. चित्र काढून टाकणं मला तरीही चुकीचं वाटतं. ते वर्गात समोर ठेवून यावरच बोलता आलं असतं. पण ज्या गावात दीक्षाभूमीला जाणाऱ्या बसेस भरून निघतात, त्या गावच्या मास्तराला कोणाच्या डोळ्यांनी पाहायचं हा प्रश्न टाळता येत नाही.

राहिलं फोनवरचं ॲप. फोटो टाका, दहा सेकंदांत अर्कचित्र, मग शिकायचं कशाला, असं एक सरपंच मला म्हणाले. त्यांनी स्वतःचं करून दाखवलंही. डोकं मोठं, धड छोटं, गाल टरटरीत, दात पांढरेशुभ्र. मी विचारलं, हे दात कोणाचे? खर्ऱ्याने विटकरी झालेल्या दातांना यंत्राने पांढरं केलं होतं, कारण त्याने खाल्लेल्या चेहऱ्यांची सरासरी पांढऱ्या दातांची. सरपंचांना चित्र आवडलं, हे मात्र सांगायला हवं.

तेव्हा स्पर्धा घेणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. परीक्षकांच्या टेबलावर चित्रं ठेवायच्या आधी ती पानठेल्यावर टांगा. खाली नाव नको, गाव नको. येणारा-जाणारा ओळखतो का पाहा. ओळखलं तर त्याला विचारा, कशावरून? तो जे सांगेल ते लिहून घ्या आणि पोराला द्या. 'खांद्यावरून' असं जर दहांपैकी सहा जण म्हणाले, तर त्या पोराला आपली वाट कुठे फुटते ते कळेल, मग रेष कोणाचीही असो.

ते बाद झालेलं चित्र मी आयोजकांकडून मागून घेतलं. पोरगं अधूनमधून वही घेऊन माझ्याकडे येतं. रेषा अजून लक्ष्मणच्याच आहेत, हल्ली त्यात कुणा आणखी एकाची भर पडलेली दिसते. परवा त्याने माझं चित्र आणलं. चष्मा नाकावर न ठेवता कपाळावर ठेवून तो शोधणारा माणूस, आणि पाठीला असा बाक, की मी ते चित्र बायकोला दाखवलं नाही. तिने ते वहीतून स्वतःच काढून पाहिलं. हसू आवरत म्हणाली, "बाप्पा, किती दिवसांपासून सांगून राहिली, ताठ बसत जा म्हणून." कान मात्र त्याला अजून जमत नाहीत.